हंगाम अभिलेखन

हंगाम अभिलेखन : साखळी स्पर्धेचा संपलेला हंगाम व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालू कामकाजापासून वेगळा काढून कायम जपण्याची क्रिया. संयोजकांच्या बोलण्यात ‘हंगाम अर्काइव्ह करणे’ किंवा नुसते ‘हंगाम बंद करणे’. असा हंगाम वाचता येतो, शोधता येतो. मात्र त्यात नवा सामना घालता येत नाही आणि नोंदणी, शुल्क, वेळापत्रक यांच्या चालू याद्यांत तो दिसत नाही.

या पद्धतीच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार जुन्या फायली स्वस्त साठवणीत हलवण्याची संगणक-विभागांची सवयच खेळात आली. दुसरे मत तिचे मूळ क्रीडावार्षिकांत शोधते; १८६४ पासून निघणाऱ्या ‘विस्डेन’मध्ये हंगाम सरला की त्याचे आकडे छापून बांधले जात. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण एका साखळीच्या हंगामाची माहिती आकाराने किरकोळ असते व जागा वाचवण्याची निकड सहसा नसते. जुन्या स्कोअरबुकांवरून सामने संगणकात उतरवण्याचे काम अमेरिकी बेसबॉलमध्ये १९८९ मध्ये स्थापन झालेल्या रेट्रोशीट या संस्थेने केले. क्रिकेटमध्ये क्रिकशीट हे संकेतस्थळ चेंडूगणिक नोंदी खुल्या स्वरूपात देते.

हंगामाची ओळख वर्षावरून ठरवावी की क्रमांकावरून, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. रणजी करंडकाचा पहिला हंगाम १९३४–३५ असा दोन वर्षांत पसरलेला आहे. प्रो कबड्डीचे तिसरे व चौथे पर्व २०१६ या एकाच वर्षात झाले आणि दोन्ही पाटणा पायरेट्सने जिंकली; २०२० मध्ये पर्वच झाले नाही. वर्ष हीच किल्ली (नोंद ओळखण्याची एकमेव खूण) मानणाऱ्या प्रणालीत २०१६ चा एक विजेता दुसऱ्यावर लिहिला जाईल, आणि संघ तोच असल्याने चूक कोणाच्या ध्यानातही येणार नाही. म्हणून हंगामाला स्वतंत्र क्रमांक द्यावा व वर्ष केवळ माहिती म्हणून ठेवावे, हेच बरे.

संघनामांचेही तसेच. आयपीएलमध्ये डेक्कन चार्जर्स (२०१२ पर्यंत) आणि सनरायझर्स हैदराबाद (२०१३ पासून) यांचे शहर एक, पण संघ वेगळे; दिल्ली डेअरडेव्हिल्स व दिल्ली कॅपिटल्स हा संघ एक, नावे दोन. पुण्याचा संघ २०१६ मध्ये ‘सुपरजायंट्स’ होता, २०१७ मध्ये ‘सुपरजायंट’ झाला. संघाचे नाव संघाच्या कोष्टकात एकदाच ठेवले, तर आजचा बदल मागच्या सर्व हंगामांत झिरपतो. ते संघ व हंगाम यांच्या जोडीला बांधावे लागते.

नियमांच्या बाबतीत तज्ज्ञांत मतभेद आहे. गुणतक्ता साठवून ठेवावा, की निकालांवरून दर वेळी नव्याने मांडावा? इंग्लिश फुटबॉलमध्ये १९८०–८१ पर्यंत विजयाला दोन गुण होते, १९८१–८२ पासून तीन झाले. आजच्या सूत्राने जुना तक्ता काढला तर क्रम बदलू शकतो. त्यामुळे अंतिम तक्ता, निकाल आणि त्या वेळचे नियम ही तिन्ही एकत्र गोठवण्याकडे कल दिसतो.

सामन्याच्या ‘स्थिती’चे रकानेही पुरेसे असावे लागतात. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या, भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते, आणि काठियावाडने सामना सोडून दिला. ब्रॅडमनच्या सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्येच्या तत्कालीन विक्रमाची बरोबरी नऊ धावांवर राहिली. ‘विजय, पराभव, अनिर्णित’ एवढेच पर्याय देणाऱ्या प्रणालीत ही गोष्ट मावत नाही. अर्धवट हंगामांचे प्रकारही वेगवेगळे. इंग्लिश फुटबॉल लीगचा १९३९–४० चा हंगाम युद्धामुळे थांबला व त्याचे निकाल अधिकृत आकडेवारीतून वगळले गेले. कोविडमुळे थांबलेल्या २०१९–२० च्या फुटबॉल हंगामात फ्रान्समध्ये सामन्यामागे सरासरी गुण काढून विजेता ठरवला, तर नेदरलँड्समध्ये विजेताच जाहीर केला नाही. इटलीच्या २००४–०५ च्या हंगामाचे विजेतेपद युव्हेंटसकडून काढून घेतल्यावर रिकामेच राहिले. विजेत्याचा रकाना सक्तीचा ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

बंद झालेल्या हंगामात दुरुस्ती करावी काय, हा वाद संगणकाहून जुना आहे. क्रिकेटमधील प्रथम श्रेणी सामन्याची व्याख्या १९४७ मध्ये ठरली, पण ती पूर्वलक्षी नव्हती. आधीच्या सामन्यांचा निवाडा संख्याशास्त्रज्ञांवर राहिला. त्यामुळे इंग्लंडचे फलंदाज डब्ल्यू. जी. ग्रेस यांची शतके परंपरेने १२६, तर नव्या गणनेत १२४ भरतात. इंग्लंडचेच जॅक हॉब्ज यांची शतके १९७ की १९९, हा वाद विजयनगरमच्या महाराजकुमारांच्या संघाच्या १९३०–३१ च्या भारत-सिलोन दौऱ्यातील सामन्यांशी निगडित आहे. दोन्ही आकडे पुराव्यावरच उभे आहेत. म्हणून मूळ नोंद न पुसता दुरुस्ती तारीख, कारण व करणाऱ्याच्या नावासह शेजारी जोडणे योग्य ठरते. कुलूप काढून आकडा बदलून पुन्हा कुलूप लावण्याची सोय अनेकांना हवीहवीशी वाटते; तिने अभिलेखाचा अर्थच उरत नाही.

नव्या हंगामासाठी संघ व मैदाने पुढे नेली जातात, निकाल नेले जात नाहीत. तालुका व गल्ली पातळीवरच्या स्पर्धांत अभिलेख म्हणजे बहुधा गुणतक्त्याची एक पीडीएफ.

वयोगटांच्या स्पर्धांत जन्मदाखला आणि पालकांचा मोबाइल क्रमांक गोळा होतो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली आहे. चौदा वर्षांखालील मुलाच्या धावा अभिलेखात राहाव्यात, वयासमोर ‘पात्र’ एवढी खूण राहावी आणि दाखल्याची प्रत हंगामाबरोबर काढून टाकावी, अशी विभागणी त्यासाठी सोयीची ठरते.