जनमत चाचणी (बेळगाव सीमाभाग)

जनमत चाचणी : थोड्या निवडक लोकांना विचारून सगळ्यांचं मत काय असावं याचा अंदाज बांधायची पद्धत. बोलताना सर्व्हे किंवा ओपिनियन पोल, आणि मत टाकून बाहेर पडलेल्या माणसाला विचारलं तर एक्झिट पोल. एवढं सगळ्यांना माहीतच असतं. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मात्र या शब्दांचा गुंता जरा वेगळा आहे म्हणून ही वेगळी नोंद.

शब्द : इथल्या जुन्या माणसासमोर ओपिनियन पोल म्हटलं की त्याला टीव्हीवरचे आकडे आठवत नाहीत, घाटाखालचा गोवा आठवतो. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात जे मतदान झालं (महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, विलीनीकरणाची निशाणी फूल, विरोधाची दोन पानं) त्याचं कायद्यातलं नावच ओपिनियन पोल होतं, आपल्या घटनेत सार्वमताची सोय नाही म्हणून संसदेने 1966 मध्ये खास कायदा करून हे नाव दिलं. विलीनीकरणाविरुद्ध 1,72,191 मतं, बाजूने 1,38,170, फरक 34,021. आता शास्त्राच्या भाषेत ही चाचणी नव्हेच, कारण नमुना (म्हणजे थोडे निवडक लोक) घेतलाच नव्हता, प्रत्येक मतदाराला मत होतं. मराठीत याला कोणी सार्वमत लिहितं, कोणी जनमत कौल. त्यातल्या त्यात जनमत कौल बरा वाटतो. कौल हा शब्द अरबी, म्हणजे बोल किंवा वचन, आणि फारसीतून मराठीत आला असावा असंच सहसा मानतात. देवाला कौल लावणं, पाकळी उजवी पडली की होकार, हा त्याचाच विस्तार दिसतो. छपरावरचं कौल वेगळं, त्याची इथे सरमिसळ नको.

उगम : अमेरिकेत वर्तमानपत्रांनी गंमत म्हणून मतं गोळा करायची रीत 1824 पर्यंत मागे नेता येते. पण नमुना शास्त्रीय नसला तर तो मोठा असून उपयोग नाही हे कळायला 1936 उजाडलं. अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी कार्डं पाठवली, वीस लाखांवर परत आली आणि अंदाज साफ चुकला, तर जॉर्ज गॅलपने त्या मानाने मूठभर लोकांना विचारून रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितलं. भारतात साधारण 1950 च्या दशकाच्या मध्यात एरिक द कोस्टा यांच्या संस्थेने सुरुवात केली असं धरतात, 1960 च्या दशकात दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेचे अभ्यास आले, 1980 च्या दशकात पत्रकार प्रणय रॉय वगैरेंमुळे हे सगळं घराघरात पोचलं.

लोकेच्छा : सीमाप्रश्नात महाराष्ट्राची बाजू नेहमी चार निकष मांडते, खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. पहिले तीन नकाशा आणि जनगणनेवर मोजता येतात, चौथा कशावर मोजायचा? गोव्यासारखा कौल बेळगावात कधी घेतला गेला नाही. 1966 ला नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 च्या अहवालात बेळगाव म्हैसूरकडेच (म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे) ठेवलं, 264 गावं महाराष्ट्राला आणि 247 गावं म्हैसूरला द्यायची शिफारस केली आणि ती महाराष्ट्राने मानली नाही. मग इथे लोकेच्छा मोजायचं काम निवडणुकीवरच येऊन पडलं. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीला किती मतं पडली यावर दोन्ही बाजू वाद घालतात. 1996 ला तर बेळगाव लोकसभेला समितीने अर्जांचा पाऊस पाडला, रिंगणात 456 उमेदवार, आणि नलगोंड्यातही असाच प्रकार (480) झाल्यावर त्याच वर्षी लोकसभेची अनामत 500 वरून 10,000 रुपये झाली. ही निषेधाची तऱ्हा होती, तिला जनमताचं माप म्हणणं जरा ओढूनताणून होईल.

पण निवडणूक हे मापही सरळ नाही. 2018 ला विधानसभेत समितीचा एकही आमदार आला नाही, तर 2021 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या उमेदवाराला 1 लाख 17 हजारांवर मतं आणि भाजपचा विजय जेमतेम सव्वापाच हजारांनी, आणि त्याच वर्षी महापालिकेत 58 पैकी 35 जागा भाजपला. मराठी माणूस गटारासाठी एका पक्षाला आणि भाषेसाठी दुसऱ्याला मत देऊ शकतो, त्याला एकच मत समजणारे दोन्हीकडे फसतात.

नमुन्याचा प्रश्न : खरी अडचण गणिताची आहे. कर्नाटकात विधानसभेचे 224 मतदारसंघ, समजा सर्व्हेवाल्यांनी राज्यात 10,000 लोकांना विचारलं, तर एका मतदारसंघात सरासरी 45 माणसं. बेळगाव जिल्ह्याच्या 18 मतदारसंघांत मिळून आठशेच्या आसपास, म्हणजे चूक अधिक-उणे साडेतीन टक्के, चालतं. सीमाभागाचे म्हणून पाचच मतदारसंघ घेतले तर सव्वादोनशे माणसं आणि चूक साडेसहा टक्क्यांवर, त्यातले निम्मे मराठी धरले तर नऊ टक्क्यांच्या पुढे. एवढ्या चुकीत जिंकणारा आणि हरणारा दोघेही बसतात. चूक अर्धी करायची तर नमुना चौपट लागतो, त्याचा खर्च कोण करणार. म्हणून टीव्हीवर लोकसभेच्या कर्नाटकच्या 28 जागा आणि महाराष्ट्राच्या 48 दिसतात, आणि मधला हा पट्टा कुठल्याच पाटीवर नसतो.

त्यात भाषा. प्रश्न कन्नडमध्ये विचारला की मराठीत, विचारणारा बेळगाव म्हणाला की बेळगावी (सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून), एवढ्यावरच दारातला माणूस सावध होतो आणि उत्तराआधी त्याचा प्रश्न येतो, तुम्ही कोणाकडनं आलाय? मत कुणाला हा प्रश्न तोंडी न विचारता नकली मतपत्रिका देऊन पेटीत टाकायला लावायची लोकनीतीची (सीएसडीएसचाच सर्व्हेचा उपक्रम) पद्धत इथे जास्त भरवशाची म्हणायला हवी.

बंधनं : लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 126अ प्रमाणे पहिल्या टप्प्याचं मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्यानंतर अर्ध्या तासापर्यंत एक्झिट पोल दाखवता येत नाही. 2024 ला बेळगावात 7 मे ला मतदान होऊनही अंदाज बघायला 1 जूनची संध्याकाळ उजाडली.

ग्राहक सर्व्हे : यावर या भागापुरतं लेखन तुटपुंजं. खर्चाचे आकडे राष्ट्रीय नमुना पाहणीतून येतात, तिची सुरुवात 1950 ची. रिझर्व्ह बँकेच्या शहरी ग्राहक विश्वास सर्वेक्षणातल्या 19 शहरांत बेंगळुरू, मुंबई, नागपूर आहेत, बेळगाव नाही. बाजार संशोधनवाले घराची आर्थिक पायरी ठरवताना कर्त्याचं शिक्षण आणि 11 वस्तू बघायचे, फ्रिज, टीव्ही, दुचाकी, आणि यादीत शेतजमीनही, जी इथे शहराला लागून असलेल्या कित्येक घरांत अजून आहे. दुसरा घोळ हद्दीचा. महाराष्ट्रातल्या चंदगडचा माणूस लग्नाचा बस्ता बांधायला बेळगावच्या गणपत गल्ली, खडे बाजारात येतो, कोल्हापूरकडच्या गाड्या स्वस्त पडतं म्हणून निपाणीकडे पेट्रोल भरतात, त्यामुळे दुकानाच्या विक्रीवरून मोजलं तर खर्च कर्नाटकात आणि घरी जाऊन विचारलं तर महाराष्ट्रात.