व्हॅक्यूम क्लीनरची वायर बदलणे

घरगुती व्हॅक्यूम क्लीनरला वीज पुरवणारी लवचीक वायर निकामी झाल्यावर ती काढून त्याच जाडीची व तेवढ्याच तारांची नवी वायर बसवणे, ही घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीतील नेहमीची बाब आहे. मिक्सरची वायर ओट्यावर जागच्या जागी पडून असते. व्हॅक्यूम क्लीनरची मात्र घरभर ओढली जाते, उंबऱ्यावर घासते, दारात चेंगरते आणि बहुतेक यंत्रांत प्रत्येक वेळी रिळावर गुंडाळली जाते. त्यामुळे मोटर धडधाकट असूनही यंत्र बंद पडले, तर पहिला संशय वायरीवर घ्यावा. बॅटरीवरच्या यंत्रांना हा प्रश्न नाही.

वायर तुटते ती शक्यतो दोन ठिकाणी : पिनेच्या मानेशी आणि यंत्रात शिरते तिथे. वरचे आवरण शाबूत दिसते, आत तांब्याचे बारीक तंतू एकेक करून तुटत जातात. उरलेल्या तंतूंवर सगळा भार येऊन ती जागा गरम होते. वायर हलवली की यंत्र चालू-बंद होणे, पीन उतरवताना हाताला चटका बसणे, प्लास्टिक पिवळट पडणे या त्याच्या खुणा. खात्री करायची तर पीन सॉकेटमधून काढून मल्टिमीटरने (वीज मोजण्याच्या छोट्या उपकरणाने) दोन्ही टोकांमधली सलगता, म्हणजे तार आत कुठे तुटलेली नाही ना हे, पाहतात आणि पाहताना वायर ठिकठिकाणी वाकवतात. दोष पिनेशीच असेल तर पूर्ण वायर बदलायची गरज नाही. तेवढा तुकडा कापून नवी पीन बसवली की झाले.

गोव्यात या बिघाडात हवेचा वाटा मोठा असतो. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यात किनारपट्टीची खारी हवा. उघडे पडलेले तांबे हिरवट-काळे पडायला वेळ लागत नाही. मे महिन्यात माळ्यावर ठेवलेले यंत्र चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) साफसफाईला खाली काढावे, तर चालेलच असे नाही. कौलारू घरात उंदरांनी आवरण कुरतडलेले असण्याची शक्यता वेगळीच. कळंगुट-बागा भागात पर्यटकांच्या खोल्या झाडायला वापरल्या जाणाऱ्या यंत्रांत पुळणीची रेती वायरीबरोबर रिळात जाते, ब्रेकच्या चाकाशी साचते आणि आवरण कानशीसारखे खरवडते. अशा यंत्राची वायर आत सोडण्यापूर्वी कोरड्या फडक्याने पुसणे हा साधा उपाय आहे, पण तो सहसा कोणी करत नाही.

नवी वायर निवडताना विद्युतप्रवाह पाहावा लागतो. भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. म्हणजे १२०० वॉटचे यंत्र सुमारे ५.२ अँपिअर घेते, १६०० वॉटचे जवळजवळ ७. घरगुती उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकानुसार ६ अँपिअरपर्यंत तारेचा छेद किमान ०.७५ चौरस मिलिमीटर आणि १० अँपिअरपर्यंत साधारणतः १ चौरस मिलिमीटर लागतो. ७ अँपिअर घेणाऱ्या यंत्राला ६ अँपिअरची छोटी पीनही पुरत नाही, १६ अँपिअरची ‘पॉवर’ पीन लागते. पीव्हीसी वायरींसाठी आयएस ६९४ आणि पीन-सॉकेटसाठी आयएस १२९३ ही भारतीय मानके आहेत. आयएसआय चिन्ह पाहून घ्यावे. मीटरवर मिळणाऱ्या फार स्वस्त वायरीत तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असू शकते. तार चाकूने खरवडली की आतला पांढरा धातू दिसतो. ती वायर या कामाची नाही.

दोन तारांची वायर की तीन, हे यंत्राच्या मागच्या पट्टीवरून ठरते. चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल तर यंत्र दुहेरी इन्सुलेशनचे. त्याला अर्थिंगची तार नसते. चिन्ह नसेल आणि बाहेरून हात लागेल असा धातूचा भाग असेल, तर तीन तारा लागतातच : तपकिरी फेज (वीज आणणारी), निळी न्यूट्रल (परत नेणारी), हिरवी-पिवळी अर्थिंग. जुन्या वायरींत हेच अनुक्रमे लाल, काळी, हिरवी असे. तीन तारांच्या यंत्राला दोन तारांची वायर जोडली तरी ते बिनतक्रार चालते, आणि धोका नेमका तिथेच आहे. फेज-न्यूट्रल उलट जोडल्यावरही मोटर तशीच फिरते. फक्त स्विच न्यूट्रलवर जातो आणि बंद यंत्राच्या आत वीज खेळत राहते.

आखातातून परतलेल्यांनी किंवा तारवटींनी (बोटीवर नोकरी करणाऱ्यांनी) आणलेल्या यंत्रांचा गोव्यात एक वेगळा वर्ग आहे. दुबई, कुवेत किंवा ब्रिटनमधल्या यंत्राला चपट्या तीन खुरांची ब्रिटिश पीन असते आणि तिच्या आत फ्यूज बसवलेला असतो. ती कापून भारतीय पीन लावली की पिनेबरोबर तो फ्यूजही निघून जातो. वायरीचे रक्षण मग फक्त घरातल्या एमसीबीवर (भार वाढल्यास आपोआप पडणाऱ्या स्विचवर) येते. म्हणून अशा वेळी बारीक वायर ठेवू नये. पोर्तुगालहून आलेल्या यंत्राची गोल पीन आपल्या काही दोन पिनी सॉकेटांत कशीबशी शिरते, पण तिची अर्थिंग बाजूच्या पट्ट्यांवर असल्याने ती जोडली जातच नाही. अमेरिकेतले १२० व्होल्टचे यंत्र केवळ वायर बदलून इथे चालणार नाही.

प्रत्यक्ष काम सुरू करताना स्विच बंद करून थांबू नये, पीन सॉकेटबाहेर काढून नजरेसमोर ठेवावी. धुळीची पिशवी काढून खोके उघडले की वायर कुठे जोडली आहे ते दिसते. काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्यावा. रीळ नसलेल्या यंत्रात जुनी वायर सोडवून नवी कनेक्टरला जोडतात. तारेच्या टोकाला शिसकाम करून ती स्क्रूखाली दाबण्याची सवय अनेकांना असते. दाबाखाली मऊ शिसे हळूहळू पसरते, स्क्रू ढिला पडतो आणि जोड तापतो. त्यापेक्षा दाबून बसवायची नळी किंवा लग (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) चांगला. अर्थिंगची तार इतर दोन्हींपेक्षा थोडी लांब ठेवतात, म्हणजे वायरीला हिसका बसलाच तर ती सर्वांत शेवटी निसटते.

या कामात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते पकडपट्टीकडे. वायर ओढल्यावर ताण जोडांवर न येता खोक्यावर यावा, यासाठी आत स्क्रूची एक पट्टी आणि भोकात रबरी बूच असते. पट्टी हरवली म्हणून आतून गाठ मारणे किंवा सुतळीने बांधणे सर्रास चालते. मानकांना ते मान्य नाही, आणि त्यात तथ्य आहे, कारण गाठीशी वायर सतत मुडपत राहते. वायरीच्या मधोमध काळ्या टेपने केलेला जोड तर दुरुस्ती म्हणून धरूच नये. दमट हवेत टेपचा चिकटपणा सुटतो, आणि ओढल्या जाणाऱ्या, फरशीवर लोळणाऱ्या वायरीत असा जोड म्हणजे हाताला लागण्याची वाट पाहणारी वीज.

रिळाच्या यंत्रात काम अवघड होते. रिळात पोलादी पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग असते आणि वीज सरकत्या कड्या व त्यांवर टेकणाऱ्या संपर्कपट्ट्यांमधून मोटरकडे जाते. स्प्रिंग भरलेली असताना झाकण उघडले तर पट्टी उसळून हात कापते. म्हणून आधी रीळ अडकवून ताण उतरवतात, वायर बदलतात, आणि बसवताना रिळाला मोकळेच काही फेरे देऊन स्प्रिंग पुन्हा भरतात. फेरे कमी पडले तर शेवटची वायर आत जात नाही. जास्त झाले तर पूर्ण ओढताना स्प्रिंग तुटते. नवी वायर जुन्याइतकीच लांब व जाड असावी, नाहीतर ब्रेक तिला नीट धरत नाही. वायरीवरची पिवळी खूण ‘इथपर्यंत ओढा’ आणि लाल ‘पुढे नको’ असे सांगते. सुटे भाग मिळत असतील तर तयार रीळच बदललेले बरे.

काही यंत्रांची वायर फक्त उत्पादकाने किंवा त्याच्या सेवा केंद्राने बदलावी अशी रचना असते, काहींची यंत्र न फोडता बदलताच येत नाही. वॉरंटी चालू असेल तर घरी खोके उघडूच नये.

जोडणी झाल्यावर स्विच चालू स्थितीत ठेवून, पीन बाहेरच असताना, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या उपकरणाने) वायर आणि धातूचा भाग यांमधले इन्सुलेशन तपासतात. अर्थिंगची तार पिनेच्या मोठ्या खुरापासून यंत्राच्या धातूपर्यंत सलग आहे ना, हेही पाहतात. पण जुन्या घरांत सॉकेटलाच अर्थिंग नसेल, किंवा चिऱ्याच्या कोरड्या जमिनीतला अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये सुकला असेल, तर यंत्रातली तिसरी तार नावापुरतीच उरते. अशा घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा, विशेषतः ओले-कोरडे दोन्ही ओढणारे यंत्र वापरात असेल तर.