कॅलिफोर्निया: गव्हर्नरपदाचे इच्छुक इतक्या लवकर का हलतात?

कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर लोक थेट मतदानाने निवडतात आणि राज्याचा कारभारही तोच हाकतो. अशा खुर्चीसाठी गुडघ्याला बाशिंग बांधलेल्यांचा तोटा कधीच नव्हता. नियम बदलत गेले तसा चाचपणीचा काळ मात्र लांबत गेला.

१९१३ ते १९५९ या काळात एकच उमेदवार डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन अशा दोन्ही पक्षांच्या प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, उतरू शकत असे. १९४६ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर अर्ल वॉरेन यांनी दोन्हीकडची उमेदवारी मिळवली आणि नोव्हेंबरची अंतिम लढत नावापुरती उरली. पुढे १९९० च्या प्रस्ताव १४० ने (असे प्रस्ताव मतदार थेट मतदानाने मंजूर करतात) आयुष्यात दोनच कार्यकाळांची अट घातली. आधीचे कार्यकाळ त्यात धरले नाहीत, म्हणूनच १९७५ ते १९८३ गव्हर्नर राहिलेले जेरी ब्राऊन २०११ मध्ये परतू शकले.

या अटीमुळे खुर्ची फार तर केव्हा रिकामी होईल, ते वर्षानुवर्षे आधी कळते. गॅविन न्यूसम यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये गव्हर्नरपदाच्या शर्यतीतून माघार घेतली, २०१० मध्ये लेफ्टनंट गव्हर्नरपद (उपगव्हर्नरपद) जिंकले आणि २०१८ च्या निवडणुकीसाठी फेब्रुवारी २०१५ मध्येच निधी समिती उघडली. एवढी घाई पैशासाठी. २००० च्या प्रस्ताव ३४ ने गव्हर्नरपदाच्या उमेदवाराला एका देणगीदाराकडून घेता येणारी रक्कम प्रत्येक निवडणुकीमागे २०,००० डॉलरवर आणली. महागाईनुसार ती वाढत असते. मोठे दोन-चार देणगीदार पुरत नाहीत, दारोदार फिरावे लागते. स्वतःच्या पैशाला मर्यादा नाही, पण तोही पावतोच असे नाही: उद्योजक मेग व्हिटमन यांनी २०१० मध्ये पदरचे १४ कोटी डॉलर ओतले आणि त्या ब्राऊन यांच्याकडून हरल्या.

अर्ज भरणे त्यामानाने किरकोळ काम. ६५ ते १०० सह्या आणि पदाच्या वार्षिक पगाराच्या २ टक्के शुल्क. २००३ च्या 'रिकॉल'मध्ये, म्हणजे पदावरच्या गव्हर्नरला मुदतीआधी परत बोलावण्याच्या मतदानात, ६५ सह्या आणि ३,५०० डॉलर पुरत होते, प्राथमिक फेरीही नव्हती. मतपत्रिकेवर १३५ नावे आली. त्यातून अर्नोल्ड श्वार्झनेगर निवडून आले.

आजचा खरा धोका मतविभागणीचा. २०१० च्या प्रस्ताव १४ नुसार प्राथमिक फेरीत सगळे एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पक्ष कोणताही असो, पहिले दोघेच पुढे जातात. २०१२ मध्ये डेमोक्रॅटिक कल असलेल्या ३१ व्या काँग्रेस मतदारसंघात चार डेमोक्रॅट आपसांत मते वाटून बसले आणि अंतिम लढतीतल्या दोन्ही जागा रिपब्लिकनांना गेल्या. नोव्हेंबरमध्ये मतपत्रिकेवर हाताने नाव लिहिण्याची सोयही आता नाही. त्यामुळे कोणी मोठा उतरणार का, याकडे बाकीचे डोळे लावून असतात. २०२६ साठी कमला हॅरिस यांनी जुलै २०२५ मध्ये नकार दिला, तेव्हा कुठे चित्र मोकळे झाले.

एप्रिल २०२३ पासून मैदानात असलेल्या तेव्हाच्या लेफ्टनंट गव्हर्नर एलेनी कुनालाकिस यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये मोर्चा राज्याच्या खजिनदारपदाकडे वळवला. राज्य पातळीवर जमवलेला निधी राज्याच्याच दुसऱ्या पदासाठी वळवता येतो. सिनेटसारख्या संघीय निवडणुकीला मात्र तो चालत नाही, म्हणून वॉशिंग्टनवर डोळा असलेला इच्छुक राज्य पातळीवरचे असे निधी खाते उघडताना दहादा विचार करतो.