दहा मिलिग्रॅमच्या आकड्यात न बसलेला वायू

मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, मालाड, वर्सोवा, भांडुप आणि घाटकोपर इथे नवे मलजल प्रक्रिया प्रकल्प उभे राहत आहेत. सातही मिळून क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर. कुलाब्याचा छोटा प्रकल्प त्याआधीच सुरू झाला. या शहराच्या सांडपाण्यातला नायट्रोजन एवढ्या मोठ्या प्रमाणावर जिवाणूंकरवी काढण्याची ही पहिलीच वेळ आहे. प्रश्न आहे तो काढताना हवेत निसटणाऱ्या नायट्रस ऑक्साइड वायूचा.

जगात ही विद्या जुनी. सक्रिय गाळाची, म्हणजे हवा देऊन वाढवलेल्या जिवाणूंकरवी पाणी स्वच्छ करण्याची पद्धत १९१४ची, तर हवेच्या आणि बिनहवेच्या टाक्यांची जोडी लावून नायट्रोजन काढण्याचं तंत्र १९६०-७०च्या दशकांत बसलं. मुंबईने वेगळी वाट धरली. वरळी आणि वांद्रे इथे कचरा-रेती गाळून मैलापाणी सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीच्या बोगद्यांतून समुद्रात सोडायचं आणि वर्सोवा, भांडुप, घाटकोपरला हवा खेळवलेल्या तलावांवर भागवायचं. नायट्रोजनकडे कुणी पाहत नव्हतं, कारण तो मोजून दाखवा असं कुणी सांगितलं नव्हतं.

सांगितलं गेलं ते केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०१५च्या मसुद्यात. एकूण नायट्रोजन लिटरला १० मिलिग्रॅम, त्यातला अमोनियाच्या रूपातला ५ आणि बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू, १०. ऑक्टोबर २०१७च्या अंतिम अधिसूचनेत मात्र नायट्रोजनची ओळच गळाली आणि महानगरांसाठी बीओडी २०वर गेला. खर्च परवडणार नाही, हे कारण पुढे केलं गेलं. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेलं, तज्ज्ञ समिती बसली आणि एप्रिल २०१९मध्ये १०चा आकडा परत आला. अधल्यामधल्या काळात निविदा निघाल्या, अडकल्या, नव्याने काढाव्या लागल्या. सात प्रकल्पांचं भूमिपूजन व्हायला जानेवारी २०२३ उजाडला. तोवर मैलापाणी खाडीत आणि समुद्रात जातच राहिलं. २०१७ची सवलत चूक होती, असंच म्हणावं लागेल. ठाणे खाडीत प्राणवायू कमी पडतो, त्याला हा अमोनियाही जबाबदार आहे.

पण परत आलेल्या आकड्यातही एक उणीव आहे. तो पाण्यात उरलेला नायट्रोजन मोजतो. पाण्यातून निघून गेलेला कुठल्या रूपात गेला, हे विचारत नाही. अमोनियाचं नायट्राइट, त्याचं नायट्रेट आणि शेवटी निरुपद्रवी नायट्रोजन वायू, ही साखळी पूर्ण झाली तर उत्तम. हवा कमी पडली, नायट्राइट साचलं किंवा शेवटच्या पायरीसाठी जिवाणूंना कार्बन पुरला नाही, तर मध्येच नायट्रस ऑक्साइड तयार होतो. तो पाण्यात चांगला विरघळतो आणि पुढच्या टाकीत हवेचे बुडबुडे सुटले की वर निघून जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची तापमानवाढीची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट धरली जाते. ओझोनचा थरही तो पोखरतो. प्रकल्पाच्या मुखाशी नायट्रोजन ८ मिलिग्रॅम भरला की मापदंड पाळला गेला. वर काय गेलं याची नोंद कुठेच राहत नाही.

हा वायू जगभर इतकी वर्षं दुर्लक्षित राहिला त्यामागे एक गणित आहे. हरितगृह वायूंचा हिशेब कसा मांडावा हे सांगणाऱ्या २००६च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत प्रकल्पातून निघणाऱ्या नायट्रस ऑक्साइडसाठी माणशी वर्षाला ३.२ ग्रॅम हा आकडा होता. तो आला होता अमेरिकेतल्या एका लहान गावच्या एकाच प्रकल्पावरून, आणि तो प्रकल्प नायट्रोजन काढण्यासाठी बांधलेलाच नव्हता! २०१९च्या सुधारणेत हिशेब बदलला: आत येणाऱ्या नायट्रोजनपैकी १.६ टक्के. माणशी दिवसाला १० ग्रॅम नायट्रोजन धरला तर वर्षाला साधारण ९० ग्रॅम नायट्रस ऑक्साइड होतो, म्हणजे आधीच्या जवळपास तीसपट. हीसुद्धा सरासरीच. स्वित्झर्लंडमधल्या दीर्घकाळच्या मोजण्यांत एकाच प्रकल्पातलं उत्सर्जन ऋतूनुसार खूप वरखाली होताना दिसलं आहे.

म्हणून प्रक्रियाच नको, असा अर्थ कुणी काढू नये. तेच मैलापाणी प्राणवायू संपलेल्या खाडीत सोडलं तर वायू तिथेही तयार होतो. त्याच २०१९च्या हिशेबात अशा पाण्यासाठी दर १.९ टक्के धरला आहे.

नायट्राइटचा दुसरा त्रास रोजचा आहे. साखळी मध्येच अडली की ते बाहेर पडणाऱ्या पाण्यात येतं, माशांना विषारी ठरतं आणि निर्जंतुकीकरणासाठी टाकलेलं क्लोरीन खाऊन टाकतं: एक मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजनला साधारण पाच मिलिग्रॅम क्लोरीन. जंतूंचा मापदंडही कडक झाल्यामुळे हा खर्च चालवणाऱ्याच्या अंगावर येतो.

मुंबईत भर पावसाची. जून ते सप्टेंबर गटारांत पावसाचं पाणी शिरतं, मैलापाणी पातळ होतं आणि त्यासोबत प्राणवायूही आत येतो. त्यामुळे बिनहवेच्या टाकीत जिवाणूंना कार्बन कमी पडण्याची भीती तेव्हाच जास्त. पाण्यात विरघळलेला नायट्रस ऑक्साइड सतत मोजणारे संवेदक आज मिळतात. टाक्या अजून पुऱ्या व्हायच्या आहेत. संवेदक बसवायचे तर आत्ताच, आणि मोजणी निदान एक अख्खा पावसाळा तरी चालली पाहिजे.