काळ्या पट्ट्या म्हणजे बिघाड नव्हे! टीव्हीचं चित्र पसरट, चपटं किंवा कापलेलं दिसत असेल तर हे वाचा

नमस्कार मंडळी,

आमच्या दुकानातून नवा टीव्ही गेला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन येतो, "अहो दोन्ही बाजूला काळं दिसतंय, पॅनल गेलं की काय?" पॅनल गेलेलं नसतं. मग आठवडाभराने दुसरा फोन येतो, "सगळी माणसं जाडी दिसतायत, मालिकेतली सून पण सासूएवढी झालीय." गंमत म्हणजे हे दोन्ही फोन बऱ्याचदा एकाच घरातून येतात, कारण मधल्या आठ दिवसांत घरातल्या कोणीतरी रिमोटवरचं एक बटण दाबून ते काळं "घालवलेलं" असतं. काळं गेलं आणि सून जाडी झाली, एवढीच ती भानगड. त्यासाठी आमच्या पोराने गाडी काढून यायचं, बटण दोनदा दाबायचं आणि तुमच्याकडून व्हिजिट चार्ज घ्यायचा हे आम्हालाच बरं वाटत नाही, म्हणून हे पत्रक.

मूळ मुद्दा साधा आहे. चित्राला स्वतःचा आकार असतो आणि काचेला स्वतःचा. दोन्ही जुळले तर काच पूर्ण भरते, नाही जुळले तर कुठेतरी काळं उरतं. ते उरू द्यायचं नसेल तर एकतर चित्र ताणायचं किंवा कापायचं, तिसरा मार्ग कुठल्याही कंपनीकडे नाही, लाखाच्या टीव्हीत पण नाही.

जुना डबा टीव्ही आठवा, पिक्चर ट्यूबवाला. त्याची काच ४:३ ची, म्हणजे रुंदी चार भाग तर उंची तीन भाग. हा आकार सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या फिल्मवरून आला आणि टीव्हीने तोच उचलला. आपल्याकडे १९५९ ला दिल्लीत टीव्ही सुरू झाला, १९७२ ला मुंबई केंद्र आलं, १९८२ ला एशियाडच्या वेळी रंगीत झालं, हे सगळं ४:३ मध्येच. इकडे सिनेमावाल्यांनी मात्र लोक घरी टीव्ही बघत बसायला लागले म्हणून पडदा रुंद करून टाकला होता, हॉलिवूडने १९५३ ला सिनेमास्कोप आणला आणि हिंदीतला पहिला सिनेमास्कोप 'कागज के फूल' आला तो १९५९ लाच, म्हणजे दिल्लीत टीव्ही सुरू झाला त्याच वर्षी. तेव्हापासून टीव्हीचा आकार एक आणि थेटरचा दुसरा हे भांडण चालू आहे.

आत्ताचे सगळे टीव्ही १६:९ चे. हा आकडा कुठून आला हे लोक विचारतात तेव्हा सांगायला मजा येते. १९८० च्या दशकात अमेरिकेत कर्न्स पॉवर्स नावाच्या इंजिनिअरने तेव्हा चालू असलेले चित्रांचे सगळे आकार सारख्या क्षेत्रफळाचे काढले आणि एकावर एक ठेवून बघितले, तर ते सगळे ज्या चौकटीत बसत होते ती जवळपास १६:९ ची निघाली. थोडक्यात हा मांडवलीचा आकार आहे. कुणाचंच पूर्ण समाधान नाही, पण कुणाचंच फार नुकसान पण नाही.

आता टेप लावून बघू. ३२ इंची टीव्हीची काच साधारण २८ इंच रुंद आणि पावणेसोळा इंच उंच. त्यावर जुनी ४:३ ची मालिका लागली की चित्र २१ इंच रुंद येतं आणि दोन्ही बाजूला साडेतीन-साडेतीन इंच काळं. म्हणजे पैसे ३२ इंचाचे दिले तरी जुनी मालिका तुम्ही २६ इंची टीव्हीएवढीच बघता. आणि त्याच टीव्हीवर सिनेमास्कोप पिक्चर लावलात तर ते १२ इंच उंच येतं, वर खाली जवळजवळ दोन-दोन इंच काळं. दोन्ही बरोबर आहे. इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात ना, त्यामुळे हा घोळ दुकानात उभं राहून लक्षात येत नाही, घरी गेल्यावर येतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने १९८७ ची 'रामायण' परत लावली तेव्हा तर आमचा फोन नुसता वाजत होता. आमच्या एका जुन्या गिऱ्हाईक काकांकडे ती अख्खी काच भरून चालली होती, काका खूश, आणि हनुमानाची गदा भोपळ्यासारखी चपटी. मी फोनवरून बटण सांगून आकार सरळ करून दिला तर काका म्हणाले, "आता लहान झालं की हो!" लहान नाही झालं काका, बारीक झालं. ताणलेल्या चित्रात प्रत्येक गोष्ट एक तृतीयांशाने जास्त रुंद होते, डोळ्याला दोन दिवसांत सवय होते आणि मग बरोबर चित्रच चुकीचं वाटायला लागतं.

रिमोटवरची नावं आणि त्यांचा खरा अर्थ

बटणाचं नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं, कुठे अस्पेक्ट, कुठे पिक्चर साइज, कुठे वाइड, कुठे नुसतं झूम. आत मात्र तीच चार-पाच कामं. 'फुल' किंवा '१६:९' म्हणजे आलेलं चित्र काचेच्या चारही कडांना नेऊन लावणार, मग ते मूळचं कसंही असो. '४:३' म्हणजे बाजूला काळं ठेवणार. 'झूम' म्हणजे चित्र मोठं करून वरचं खालचं कापणार, ४:३ चं चित्र झूम केलं तर वरून आठवा हिस्सा आणि खालून आठवा हिस्सा जातो, एकूण पाव चित्र गायब. बातम्या बघताना खालची पट्टी दिसत नाही, उभ्या माणसाचं डोकं कपाळापासून कापलेलं दिसतं, असं असेल तर शंभर टक्के झूम चालू आहे.

'पॅनोरमा', 'स्मार्ट', 'वाइड झूम' अशा नावाचं जे असतं त्यातला लबाड प्रकार ओळखायचा कसा ते सांगतो. तो मधलं चित्र फारसं ताणत नाही, कडेचं जास्त ताणतो, म्हणजे मध्ये बसलेला निवेदक ठीक दिसतो आणि लोकांना वाटतं जमलं. पण बातमीची सरकती पट्टी बघा. उजवीकडून अक्षरं येताना फुगलेली येतात, मध्ये आली की बारीक होतात, डावीकडे जाताना परत फुगतात, अजगराने काहीतरी गिळल्यासारखी. क्रिकेटमध्ये कॅमेरा फिरला की अख्खं मैदान लाटेसारखं हलतं. आमचं मत विचाराल तर हा मोड कधीच लावू नका.

'ऑटो' किंवा 'ओरिजिनल' असेल तर तो लावा आणि रिमोट सोफ्याखाली टाकून द्या.

सेटिंग दोन ठिकाणी असतं, इथेच सगळे फसतात

टीव्हीत एक सेटिंग आणि सेट-टॉप बॉक्समध्ये दुसरं. दोन्ही आपापल्या परीने चित्र सुधारायला जातात आणि दोन आचाऱ्यांनी मीठ घातलेल्या आमटीसारखं होतं. नेहमी आधी बॉक्सचं बघायचं. बॉक्सच्या मेनूत टीव्ही टाइप, स्क्रीन किंवा डिस्प्ले असं काहीतरी असतं, तिथे '१६:९' करा. बरेच बॉक्स जुन्या डबा टीव्हीवरून काढून नव्या टीव्हीला जोडलेले असतात आणि आत अजून ४:३ च असतं, ते कोणी बदलतच नाही. तिथे '४:३ लेटरबॉक्स' असेल तर रुंद चित्र वर खाली काळं ठेवून पाठवलं जातं, आणि '४:३ पॅन स्कॅन' असेल तर दोन्ही बाजू कापून पाठवलं जातं, मग क्रिकेटचा स्कोअर अर्धाच दिसतो आणि शिव्या चॅनेलला पडतात.

चारही बाजूंनी काळं आणि मध्ये फोटो फ्रेमसारखं छोटं चित्र दिसतंय का? ते याच भांडणातून होतं. रुंद चित्र आधी वर खाली पट्ट्या लावून ४:३ मध्ये बसवलेलं आणि मग ते ४:३ बाजूच्या पट्ट्या लावून १६:९ मध्ये बसवलेलं. बॉक्सचं सेटिंग बदलून गेलं तर उत्तम. चॅनेलकडूनच तसं येत असेल तर मात्र तेवढ्यापुरता झूम लावा, झूमचा खरा उपयोग हाच. कार्यक्रम संपल्यावर काढायला विसरू नका म्हणजे झालं.

आता थोडं आतलं, ज्यांना रस आहे त्यांच्यासाठी. आपल्याकडच्या एसडी चॅनेलच्या चित्रात जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ ठिपके असतात, मग ते ४:३ असो की १६:९. ठिपके तेवढेच, फक्त ते किती रुंद दाखवायचे हे सांगणारी एक खूण सिग्नलबरोबर येते. ती खूण टीव्हीला मिळाली तर चित्र आपोआप नीट बसतं, नाही मिळाली तर टीव्ही अंदाजाने ताणतो. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या वायरीतून ही खूण बऱ्याचदा नीट पोचत नाही, म्हणून त्या वायरीवर हा त्रास जास्त. एचडीएमआय वायर असेल तर बॉक्स सहसा स्वतःच सगळं १६:९ च्या चौकटीत बसवून पाठवतो, मग टीव्हीवर '४:३' दाबायचंच नाही, दाबलंत तर माणसं उभ्या काठीसारखी दिसतील. एचडी चॅनेल मुळातच १६:९ चे, तिथे हा प्रश्न जवळपास येतच नाही, पण एचडीवर सुद्धा जुना कार्यक्रम लागला की बाजूला काळं येणारच, ते बॉक्सचं पाप नाही.

अजून एक तक्रार, "कडेचं थोडंथोडं कापलं जातं." ती जुन्या काळातली सवय आहे, डबा टीव्हीच्या चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या म्हणून त्या मुद्दाम काचेच्या बाहेर ढकलायचे, आणि नव्या टीव्हीत पण ते चालू ठेवलेलं असतं. 'जस्ट स्कॅन', 'फुल पिक्सेल', 'स्क्रीन फिट' असं काही मेनूत दिसलं तर ते चालू करा, कडा परत येतात. लॅपटॉप जोडल्यावर खालची पट्टी दिसत नाही त्याचं पण हेच औषध.

लग्नाच्या जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर करून घेणाऱ्यांना हात जोडून विनंती, जिथे कराल तिथे आधी सांगा की "४:३ च ठेवा, ताणू नका." फाईलमध्येच ताणलेलं असेल तर टीव्हीच्या रिमोटने दरवेळी दुरुस्त करत बसावं लागतं. आमच्याकडे एक वहिनी आल्या होत्या, कॅसेट दुसरीकडून करून आणलेली, म्हणाल्या "मी लग्नात एवढी नव्हते हो." खरंच नव्हत्या. आणि मोबाईलवर उभा काढलेला व्हिडिओ टीव्हीवर लावाल तर ३२ इंचावर तो जेमतेम नऊ इंच रुंद दिसेल, त्याला आम्ही काही करू शकत नाही, पुढच्या बारशाला मोबाईल आडवा धरा.

पट्ट्यांमुळे स्क्रीन खराब होते का, असंही विचारतात. साध्या एलईडी टीव्हीला काही होत नाही. ओएलईडी असेल किंवा कोणाकडे जुना प्लाझ्मा अजून चालू असेल तर रोज तासन् तास एकच पट्टी किंवा एकच लोगो ठेवू नका, डाग उमटू शकतो, एवढीच काळजी.

आपलं चित्र बरोबर आहे की नाही हे बघायला कोणी यायला नको. गोल वस्तू शोधा. झेंड्यावरचं अशोकचक्र दिसलं, भिंतीवरचं घड्याळ दिसलं, कॅरमची सोंगटी वरून दाखवली, की चित्र थांबवा आणि शिवणकामाच्या टेपने आडवं आणि उभं मोजा. दोन्ही सारखं भरलं तर सेटिंग बरोबर, बाजूला काळं असलं तरी. आडवं जास्त भरलं तर ताणलंय.

एवढं करूनही जमलं नाही तर फोन करा, फोनवर सांगायचे पैसे आम्ही घेत नाही. फक्त फोन टीव्हीसमोर उभं राहून करा, दोन्ही रिमोट हातात घेऊन, बॉक्सचा पण आणि टीव्हीचा पण. किचनमधून फोन करून "आता काय दिसतंय रे बाळा" असं आतल्या खोलीत ओरडत विचारणाऱ्या मावशींना मागच्या वेळी पाऊण तास लागला होता.