हाऊस फ्लिपरमधल्या छताला वजनच नसतं

२०१८ साली पोलंडमधून एक कॉम्प्युटर गेम आला, हाऊस फ्लिपर. मारामारी नाही, झोम्बी नाहीत, गाड्यांची रेस नाही. तुम्ही एका खुराड्याएवढ्या ऑफिसात बसलेले असता, लॅपटॉपवर ईमेल येतात, कुणाला रेडिएटर बसवून हवाय, कुणाच्या बाथरूमची वाट लागलीय, कुणाला खोली दुसऱ्या रंगात हवीय. जायचं, पुसायचं, रंगवायचं, पैसे घ्यायचे. थोडे पैसे जमले की स्वतःच एखादं पडकं घर विकत घ्यायचं, नीट करायचं आणि नफ्यात विकायचं. झुरळं व्हॅक्यूम क्लीनरने ओढायची असतात, आणि ज्यांना झुरळं बघवत नाहीत त्यांना सेटिंगमध्ये त्या जागी फुटक्या काचा करून मिळतात (हे ज्याला सुचलं त्याला साष्टांग नमस्कार). ऐकायला कंटाळवाणं वाटतं खरं, पण घरी साधा केर काढायला सांगितला की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात तीच मंडळी इथे रात्री दोन वाजेपर्यंत फरशी पुसत बसलेली असतात.

पण मला लिहायचंय ते त्यातल्या हातोड्याबद्दल. भिंतीसमोर उभं राहायचं, चार घाव घालायचे, भिंतीचा तुकडा गायब. बाहेरच्या भिंती गेम पाडू देत नाही, आतल्या मात्र हव्या तेवढ्या पाडा. एकूण एक भिंत पाडलीत तरी वरचं छत जागच्या जागी, साधी तडसुद्धा जात नाही. आता गेम म्हणून ठीकच आहे, पण हाच नियम मला हल्ली इंटिरियरच्या रील्सखाली रोज वाचायला मिळतो, "आतली भिंत आहे, काढून टाका, काही होत नाही". म्हणजे बाहेरच्या भिंती घर धरून ठेवतात आणि आतल्या नुसत्या आडोशाला असतात असा एक समज पक्का बसलाय, आणि गेमवाल्यांनी तोच कोडमध्ये टाकलाय.

आधी डोक्यावर काय आहे ते बघू. दहा बाय दहाची साधी खोली घ्या. वरचा स्लॅब पाच इंची. आरसीसीचं, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचं, वजन घनमीटरला साधारण २५०० किलो, म्हणजे एवढ्याशा खोलीचा नुसता स्लॅब जवळपास २९०० किलोचा झाला. त्यावर फरशी, खालून प्लास्टर, शिवाय माणसं, कपाटं, पलंग यांच्यासाठी आपल्या भारतीय मानकात राहत्या घराला चौरस मीटरमागे २०० किलो धरायला सांगितलेत. हे सगळं मिळून सहज पाच-साडेपाच टन होतं, आणि ते कुठूनतरी जमिनीपर्यंत पोचलंच पाहिजे, त्याला दुसरा पर्याय नाही. आरसीसी फ्रेमच्या बिल्डिंगमध्ये ते स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर आणि कॉलममधून फुटिंगवाटे, म्हणजे पायातल्या रुंद बुडावाटे, जमिनीत जातं. जुन्या लोड बेअरिंग घरात बीम-कॉलम नसतात, तिथे स्लॅब सरळ विटांच्या भिंतीवर टेकलेला असतो आणि तिथे आतली भिंत ही बऱ्याचदा बाहेरच्या भिंतीपेक्षा जास्त वजन घेत असते! साधी गोष्ट आहे, बाहेरच्या भिंतीवर एकाच बाजूच्या खोलीचा स्लॅब टेकतो, मधल्या भिंतीवर दोन्ही बाजूंच्या खोल्यांचा. समज बरोब्बर उलटा.

आता माझा आवडता भाग. एक खोडरबर घ्या, त्याच्या कडेला पेनाने उभ्या रेघा मारा, दोन्ही टोकं बोटांवर टेकवून मधे दाबा. वरच्या बाजूला रेघा एकमेकींजवळ येतात, खालच्या बाजूला लांब जातात. म्हणजे वरचा भाग दाबला जातोय आणि खालचा ताणला जातोय. स्लॅबचं आणि बीमचंही हेच होतं, फक्त डोळ्याला दिसत नाही. काँक्रीट दाबायला जबरदस्त आहे पण ताणायला अगदीच लेचंपेचं, दाब सोसायची जेवढी ताकद तिच्या साधारण एक दशांश ताण सोसते. म्हणून जिथे ताण येणार तिथे सळई टाकतात. आरसीसी म्हणजे मुळात एवढंच आहे, ताण कुठे येणार हे आधी ओळखायचं आणि तिथे स्टील ठेवून द्यायचं.

गंमत अशी की ताण नेहमी खालीच येतो असं नाही. दोन खोल्यांवर सलग एकच स्लॅब आहे आणि मधोमध एक भिंत आहे असं धरा. खोल्यांच्या मधे स्लॅब खाली वाकतो, तिथे खाली ताण. पण मधल्या भिंतीच्या डोक्यावर तोच स्लॅब उलटा वाकतो, कारण दोन्हीकडून तो खाली लोंबतोय आणि मधे भिंत त्याला वर उचलून धरतेय. तिथे ताण वरच्या अंगाला. म्हणून जुन्या पद्धतीच्या स्लॅबमध्ये खालची सळई भिंतीजवळ आली की तिरकी वळवून वर नेलेली दिसते, साइटवर त्याला क्रँक मारणं म्हणतात. कुठे स्लॅब भरायचं काम चालू असेल तर आदल्या दिवशी सळयांची जाळी बघून या, सगळी कथा तिथे लिहिलेली असते.

आता ती मधली भिंत काढली. काय होतं? थोडं गणित आहे, नको असेल तर हा परिच्छेद सोडला तरी चालेल. दोन टेकूंवरच्या पट्टीवर सगळीकडे सारखं वजन असेल तर तिला वाकवणारा जास्तीत जास्त मोमेंट असतो डब्ल्यू एल वर्ग भागिले आठ, जिथे डब्ल्यू म्हणजे दर मीटरवरचं वजन आणि एल म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर. मधल्या भिंतीच्या डोक्यावर जो उलटा मोमेंट होता तोही, दोन्ही खोल्या सारख्या असतील तर, एवढाच येतो. भिंत गेली की एल दुप्पट, म्हणून एल वर्ग चौपट. तीन मीटरचे दोन गाळे होते, आता सहा मीटरचा एक झाला, मोमेंट चौपट. पण खरी मेख पुढे आहे, त्या जागी मोमेंटची दिशाही उलटली. जिथे स्लॅब वरून ताणला जात होता तिथे आता खालून ताणला जातोय, आणि आपल्या सळया तर वर नेऊन ठेवल्यात! म्हणजे चौपट जोर आणि तोही बरोब्बर जिथे स्टील जवळजवळ नाहीच अशा बाजूला. झोल, म्हणजे स्लॅब मधे जेवढा खाली लोंबतो ते अंतर, तर एलच्या चौथ्या घाताने वाढतो. एका खोलीचा सुटा स्लॅब जेवढा झोलला असता त्याच्या सोळापट, सलग स्लॅबशी तुलना केली तर त्याहून जास्त. मानकात शेवटचा झोल लांबीच्या २५० व्या भागाच्या आत ठेवा म्हणतात, म्हणजे सहा मीटरला २४ मिलिमीटर. तीन मीटरसाठी केलेला पाच इंची स्लॅब सहा मीटरवर हे कुठून पाळणार.

बाल्कनीचंही असंच. ती एकाच बाजूने धरलेली, त्यामुळे ताण कायम वरच्या अंगाला आणि सळया वर. स्लॅब भरताना कामगार त्या जाळीवर नाचतात, सळयांखाली चेअर (जाळी वर उचलून धरणारे छोटे टेकू) नीट लावलेल्या नसतील तर जाळी दबून खाली बसते, वरून काँक्रीट पडतं आणि कुणाला काही कळत नाही. पुढे कधीतरी बाल्कनी किंवा छज्जा कोसळतो आणि लोक सिमेंटला नावं ठेवतात. सिमेंट चांगलंही असेल, सळई दोन इंच खाली होती.

इथे एक विषयांतर करतोच. वास्तुवाले सांगतात बीमखाली झोपू नये, वजन येतं, झोप लागत नाही, मग उपाय म्हणून बीमला बासऱ्या टांगा नाहीतर फॉल्स सीलिंग करून बीम झाका. अहो, वजन बीमवर येतं म्हणून तर तुमच्यावर येत नाही! खोलीत सगळ्यात जास्त स्टील असलेली जागा तीच. बासरीने बीमला काही होत नाही, पण बासरी टांगायच्या हुकसाठी मोठं ड्रिल घेऊन खालच्या बाजूने सळईपर्यंत भोक पाडलंत तर मात्र होतं. आणि दिशा बदलायची म्हणून संडास हलवताना सनकन स्लॅब फोडून नळी काढणारे लोक बघितले की अंगावर काटा येतो, कारण तिथे छिन्नीने काँक्रीटबरोबर सळईही कापली जाते.

मग हाऊस फ्लिपरमध्ये हा वजनाचा हिशोब का नाही? कारण त्यात भिंतीचा तुकडा म्हणजे नुसतं चित्र, तो आहे किंवा नाही एवढंच कॉम्प्युटरला माहीत. वजन धरायचं म्हटलं तर प्रत्येक तुकडा किती कडक, कुणाला टेकलाय, एक काढला की त्याचं वजन शेजाऱ्यांत कसं वाटलं जातं, ही समीकरणं एकदम सोडवायला लागतात आणि सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला १६ मिलिसेकंदच मिळतात. तरी काहींनी प्रयत्न केलाय. स्वीडनमध्ये बनलेल्या टिअरडाऊनमध्ये घर छोट्या छोट्या ठोकळ्यांचं असतं आणि गेम फक्त एवढंच बघतो की हा तुकडा बाकीच्या घराला कुठून तरी जोडलेला आहे ना, एका ठोकळ्याने जोडलेला असला तरी अख्खा मजला हवेत उभा. त्याच्या आधी २००९ मध्ये मंगळावर घडणारा रेड फॅक्शन गुरिल्ला आला होता, त्यात ताणाचा खराखुरा हिशोब होता, आणि परिणाम असा की गेमच्या डिझायनरांनी नुसत्या दिसायला छान बनवलेल्या इमारती आपल्या आपणच कोसळायला लागल्या, बिचाऱ्यांना आधार कुठे द्यायचा ते शिकून परत बांधायला लागल्या. मला तर हा किस्सा गेमपेक्षा जास्त आवडतो.

"पण आमच्या शेजाऱ्याने काढली भिंत, काही झालं नाही" असं कुणीतरी म्हणणारच. बरोबर आहे, त्या दिवशी नाहीच होत बऱ्याचदा. एक तर डिझाइनमध्ये भार दीडपट धरलेला असतो, काँक्रीटची ताकदही कमी करून धरलेली असते, त्यामुळे थोडी शिल्लक असते. दुसरं, विटांच्या भिंतीत भोक पाडलं तर वरच्या विटा एकमेकींवर रेलून कमान करतात, भोकावर साधारण त्रिकोणाएवढ्याच विटांचं वजन उरतं, बाकीचं बाजूने उतरतं. आणि तिसरं, काँक्रीट कायम भाराखाली हळूहळू, वर्षानुवर्षं वाकत राहतं, त्याला क्रीप म्हणतात. आज जेवढा झोल आला त्याच्या दुप्पट-तिप्पट पुढच्या काही वर्षांत येऊ शकतो. भिंत पाडणारा पैसे घेऊन केव्हाच गेलेला असतो, मग वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमच्या टाइल्स तडकतात आणि भांडण त्यांचं नि प्लंबरचं होतं.

घाटकोपरला २५ जुलै २०१७ ला चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली, तळमजल्यावर दुरुस्तीचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. तळमजल्याचं विशेष हे की वरच्या सगळ्या मजल्यांचं वजन तिथे जमा झालेलं असतं.

म्हणजे भिंत काढायचीच नाही का? तसं नाही. आरसीसी फ्रेमच्या बिल्डिंगमधली साडेचार इंची विटेची किंवा ब्लॉकची भिंत खरोखरच आडोशाची असू शकते, इंजिनिअरला दाखवून, सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी घेऊन ती काढतात लोक. पण तिथेही सगळ्यांनीच काढायच्या नसतात, भूकंपात याच भिंती फ्रेमला तिरकं होण्यापासून अडवतात. २००१ च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादला ज्या बिल्डिंगी पडल्या त्यात खाली पार्किंगसाठी मोकळ्या ठेवलेल्या बऱ्याच होत्या, तळमजल्याला भिंतीच नव्हत्या. आणि नव्या टॉवरमध्ये तर अजून सांभाळून, कारण तिथे मायवानचं शटरिंग (भिंती आणि स्लॅब एकदम ओतायचे अॅल्युमिनियमचे साचे) वापरलं असेल तर बेडरूमची सहा इंची भिंतसुद्धा आख्खी काँक्रीटची, सळया घातलेली आणि वजन घेणारी असते, तिथे ना वेगळे कॉलम ना बीम, भिंत हाच कॉलम. साधा खिळा मारायला गेलात की कळतं, खिळा वाकतो. टकटक करून आवाजावरून ओळखतो म्हणणाऱ्या ठेकेदारावर जाऊ नका, प्लास्टर सुटलेल्या कॉलमचा आवाजही पोकळच येतो. स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागा, आर्किटेक्टने काढलेला प्लॅन नव्हे, सळयांची मापं असलेलं ड्रॉइंग.

वजन घेणारी भिंत काढायची वेळ आलीच तर खरं काम हातोड्याच्या आधी होतं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना स्लॅबखाली जॅक लावतात, आणि ते जॅक खालच्या स्लॅबवर टेकणार म्हणून त्याच्या खालच्या मजल्यावरही टेकू देतात. मग भिंतीत भोकं पाडून आडवे लोखंडी तुकडे सरकवतात, वजन त्यांच्यावर घेतात, मगच भिंत थोडी थोडी काढून लोखंडी आय सेक्शन (इंग्रजी आय अक्षराच्या आकाराचा बीम) बसवतात. सेक्शन आणि स्लॅब यांच्यात बोटभर फट राहते, तिच्यात न आकसणारा मसाला ठासून भरतात, नाहीतर स्लॅब आधी तेवढा खाली येतो, तडकतो आणि मगच सेक्शनवर टेकतो. जॅक शेवटी थोडे थोडे करून सैल करतात, एकदम नाही. जवळपास तडे असतील तर त्यांच्यावर काचेची बारीक पट्टी चिकटवून तारीख टाकून ठेवतात, पट्टी तुटली की समजायचं तडा अजून हलतोय, आणि मग जॅक परत घट्ट.