समुद्रावरून परतलेले रीळ : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दसरा झाला आणि कोकणात गळ टाकायला जाण्याचे बेत ठरू लागले, की लातुरातील आमच्या मासेमारी-साहित्याच्या दुकानात दरवर्षी एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते. मांजरा धरणावर चार-पाच वर्षे विनातक्रार चाललेले रीळ (रॉडवरचे, म्हणजे गळाच्या काठीवरचे, लाइन म्हणजे दोरी गुंडाळण्याचे यंत्र) मे महिन्यात एकदाच समुद्रावर नेले, परत आणले तेव्हा ते व्यवस्थित फिरत होते आणि आता पिशवीतून काढले तर हँडल जागचे हलत नाही. माल हलका निघाला, अशी बहुतेकांची समजूत होते. माल हलका निघत नाही असा आमचा दावा नाही. परंतु दुरुस्तीला येणाऱ्या जाम रिळांपैकी बहुतेक रिळांचे कारण एकच असते, ते म्हणजे समुद्रावरून आल्यावर न धुता पिशवीत टाकलेले रीळ. त्यात ग्राहकांचा हंगाम बुडतो आणि आमचेही दिवस खर्ची पडतात, म्हणून हे पत्रक.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. रीळ पाण्यात पडले नाही तरी ओली लाइन गुंडाळताना प्रत्येक वेळी थोडे खारे पाणी लाइन-रोलरवर (लाइन जिच्यावरून वळते त्या छोट्या चाकीवर) आणि स्पूलवर (लाइन जिच्यावर गुंडाळली जाते त्या फिरकीवर) येत राहते, आणि वाऱ्याबरोबर येणारे तुषार वेगळेच. हे पाणी वाळते आणि क्षार मागे राहतात. त्यानंतर ते रीळ रत्नागिरी-नागपूर महामार्गाने चारशे किलोमीटरहून अधिक प्रवास करून लातुरात पोचते आणि आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कपाटावर पडून राहते. येथेच ग्राहकांची फसगत होते, कारण कोरडा क्षार फारसे काही बिघडवत नाही आणि मेअखेर हँडल फिरवून पाहिले तर सारे ठीक वाटते. साधे मीठ हवेतील आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की पाणी ओढू लागते. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असल्याने ते त्याहून कमी आर्द्रतेतच ओलसर होतात. मृग लागला की स्वयंपाकघरातील मिठाला जे पाणी सुटते, तेच पाणी त्या दिवसांत रिळाच्या पोटात सुटते. ॲल्युमिनियमचे अंग आणि पोलादी स्क्रू किंवा बेअरिंग यांच्यामध्ये असे खारे पाणी आले, की दोन धातूंत विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते. म्हणजे मीठ समुद्रावर लागले तरी नुकसान मात्र आपल्या घरात, जून ते सप्टेंबर या काळात, कोणी हातही न लावता होत असते.

असे रीळ उघडले की आत काय दिसते, हे एकदा पाहिलेला ग्राहक पुन्हा चूक करत नाही, म्हणून ज्यांना वेळ आहे त्यांच्यासमोरच आम्ही ते उघडतो. स्पूल काढल्यावर त्याखालच्या दांड्याभोवती आणि बेल-आर्मच्या (लाइन स्पूलवर वळवणाऱ्या तारेच्या कमानीच्या) सांध्याशी पिठासारखी पांढरी भुकटी बसलेली असते. बाजूचे झाकण काढले तर मुळात मधासारखे दिसणारे ग्रीस दुधाळ होऊन साबणाच्या चोथ्यासारखे झालेले असते. बेअरिंग काढून बोटावर फिरवले तर ते दोन वेढे घेऊन थांबते आणि आत वाळू असल्यासारखे खरखरते. “हे रीळ समुद्रावर नेलेच नव्हते,” असे आम्हांला अनेकदा सांगण्यात येते. आम्ही वाद घालत नाही. लाइन-रोलरच्या कडेला असलेले पांढरे कडे पुरेसे बोलके असते.

उपाय सोपा आहे, पण तो कधी करायचा हे महत्त्वाचे आहे. रीळ घरी आल्यावर नव्हे, तर ज्या दिवशी वापरले त्याच रात्री, मुक्कामाच्या ठिकाणी धुवावे. प्रथम ड्रॅगची (मासा ओढू लागला की लाइन हळूहळू सुटू देणाऱ्या ब्रेकची) चकती पूर्ण घट्ट करावी, म्हणजे ड्रॅगच्या वॉशरमध्ये पाणी शिरत नाही. मग रीळ रॉडवरच ठेवून, रॉडचे टोक वर धरून, स्पूल, लाइन-रोलर, बेल-आर्म आणि हँडलच्या मुळाशी तांब्याने हळूहळू गोडे पाणी ओतावे आणि ओतताना हँडल सावकाश फिरवावे. ब्रेडेड लाइन विणलेली असल्याने तिच्यात खारे पाणी धरून राहते, त्यामुळे स्पूलवर पाणी दोन-तीनदा ओतून झटकावे. जुन्या सुती कापडाने सारे पुसून ड्रॅग सैल करावा आणि रीळ रात्रभर पंख्याखाली उघडे ठेवावे. शेवटी रीळ रॉडवरून काढून त्याची बैठकही पुसावी. ही बैठक कोणी पुसत नाही, आणि मग रीळ रॉडलाच चिकटलेले असल्यामुळे दोन्ही एकत्र आमच्या टेबलावर येतात.

“आमच्याकडे आठ दिवसांनी नळ येतो, रीळ कुठे धुणार?” असे विचारणारे ग्राहक थट्टा करत नसतात. 2016 मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरातील दुकानदाराला हे वेगळे सांगावे लागत नाही. पण वर सांगितलेल्या कामाला एक ते दीड लिटर पाणी पुरते. तेही बोअरचे घेऊ नये, कारण आपल्या भागातील बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि वाळल्यावर त्याचेच पांढरे डाग बसतात. पिण्याच्या जारमधील पाणी वापरावे.

धुणारेही सगळे नीट धुतात असे नाही. गाडी धुण्याच्या पंपाने रीळ धुणाऱ्यांचे रीळ न धुणाऱ्यांच्या रिळापेक्षा लवकर बिघडते, कारण पाण्याचा जोर बाहेरचे मीठ झाकणाच्या फटीतून थेट गिअरपर्यंत पोचवतो. बादलीत बुडवून ठेवल्यानेही तेच होते. गंज सोडवण्याचा फवारा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो बाहेरच्या अडकलेल्या स्क्रूसाठी उत्तम आहे, मात्र रिळाच्या आत मारला तर आतले ग्रीस धुऊन काढतो आणि गिअर कोरडे चालू लागतात. रिळावर “सॉल्टवॉटर” असे छापलेले असले की धुण्याची गरज नाही, हाही एक गोड गैरसमज आहे. त्या शब्दाचा अर्थ इतकाच, की आतील बेअरिंग आणि स्क्रू मिठाला जास्त काळ तोंड देऊ शकतात.

कोणत्या महिन्यात जावे, हा दुसरा नेहमीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर रिळाच्या आयुष्याशीही जोडलेले आहे.

पावसाळा ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खाड्यांचे पाणी निवळू लागते, तेव्हा खाडीच्या मुखाशी आणि कातळाच्या कडेने जिताडा व तांबोशी या माशांसाठी लुअर (कृत्रिम आमिष) टाकण्यात अर्थ असतो. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, म्हणून ब्रेडेड लाइनच्या टोकाला मोनोचा (एकसंध नायलॉन धाग्याचा) जाड लीडर, म्हणजे गळाजवळचा तुकडा, बांधल्याशिवाय गळ टाकू नये. डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्र शांत असतो आणि पुळणीवरून (वाळूच्या किनाऱ्यावरून) लांब फेक करता येते. बारीक गळाला कोळंबीचा तुकडा लावून मुडदुशी मिळते आणि अंधार पडल्यावर शिंगाळा हमखास लागतो. त्याच्या पाठीवरच्या व कल्ल्यामागच्या काट्यांत विष असते, त्यामुळे गळ सोडवताना हातात पक्कड हवी. या दिवसांत रिळाला मिठापेक्षा वाळूचा त्रास जास्त होतो, आणि तो बहुतांशी मासा लागल्याच्या आनंदात रॉड तसाच पुळणीवर टाकून देण्यामुळे होतो. जमिनीत रोवायचा पाइपचा स्टँड घ्यावा. तो आमच्याकडे आहे, आणि नको असेल तर घरच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा तिरपा कापूनही चालतो.

मार्च ते मे हा आमच्या ग्राहकांचा खरा हंगाम, कारण मुलांना सुट्ट्या असतात आणि कुटुंबासह कोकणात जाणे होते. मासे मिळण्याच्या दृष्टीने पहाट आणि संध्याकाळ सोडली तर हे महिने फार चांगले नाहीत, कारण दुपारी समुद्राकडून जोराचा वारा सुटतो. तो वारा खारे तुषार घेऊन येतो, त्यामुळे जेट्टीच्या कठड्याला नुसता टेकवून ठेवलेला, दिवसभरात एकदाही न वापरलेला रॉडही संध्याकाळी मिठाने माखलेला असतो. “हे तर मी वापरलेच नाही” म्हणून जे रीळ धुतले जात नाही, ते याच दिवसांतले, आणि त्याच्यापुढे लगेच पावसाळा उभा असतो. जून ते सप्टेंबरमध्ये किनाऱ्यावरून गळ टाकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांची मासेमारीसुद्धा बंद असते. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव नारळ अर्पण करून होड्या लोटतात, पण लाटांची ओळख नसलेल्या आपल्यासारख्यांनी तेवढ्यावरून कातळावर जाऊन उभे राहू नये.

भरती-ओहोटीबद्दल थोडक्यात सांगायचे, तर तिथीची पाऊणपट केली की भरतीच्या वेळेचा अंदाज येतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि पौर्णिमा-अमावास्येला दुपारी व मध्यरात्री बाराच्या आसपास पूर्ण भरती असते. हा हिशेब मुंबई-रायगडकडे चांगला जुळतो, रत्नागिरी-मालवणकडे भरती थोडी लवकर येते. भरती रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते. पाणी स्थिर असताना तासन्तास बसण्यापेक्षा ते चढते किंवा उतरते असतानाचे दोन-तीन तास साधावेत, आणि कातळावर पुढे जाण्याआधी परतीची वाट भरतीत बुडते का, हे स्थानिकांना विचारावे. प्रवासी बोट लागते त्या जेट्टीवर तर विचारल्याशिवाय गळ टाकूच नये.

आता आमच्या दरांविषयी. रीळ उघडून, साफ करून, ग्रीस भरून देण्याचे आम्ही 250 रुपये घेतो. मिठाने जाम झालेल्या रिळाचे 450 रुपये आणि सुट्या भागांची किंमत वेगळी लागते, आणि रीळ दुरुस्त होण्याजोगे निघाले नाही तरी उघडणावळ द्यावी लागते. काहींना हे अन्यायाचे वाटते. परंतु गंजलेला एक स्क्रू डोके न मोडता काढायला जेवढा वेळ जातो, तेवढ्या वेळात साधी दोन रिळे होतात. खरखरणारे बेअरिंग आम्ही धुऊन परत बसवत नाही, बदलतोच, कारण त्याच्या गोळ्यांवर एकदा खड्डे पडले की धुतल्यावर ते पंधरा दिवस गप्प बसते आणि मग दोष आमच्या हाताला येतो. काढलेले बेअरिंग आम्ही ग्राहकाला परत देतो, कोणालाही ते फिरवून पाहता येईल.

दसरा ते दिवाळी या काळात तातडीचे काम स्वीकारले जात नाही. सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात आणि त्यांना किती दिवस लागतील हे आमच्या हातात नसते, म्हणून त्या काळात तारखेची खात्रीही आम्ही देत नाही. याउलट जे ग्राहक समुद्रावरून आल्यावर मृगाच्या आधी रीळ आणून देतात, त्यांचे काम आम्ही 150 रुपयांत आणि आठवड्याच्या आत करतो, कारण तेव्हा आत केवळ कोरडे मीठ असते. ज्यांचे वर्षातून दोनदा तरी कोकणात जाणे होते, त्यांनी धरणासाठीचे रीळ वेगळे ठेवून समुद्रासाठी 4000 किंवा 5000 मापाचे, ॲल्युमिनियम स्पूलचे मध्यम किमतीचे रीळ घ्यावे. महागड्या एका रिळापेक्षा अशी दोन रिळे जास्त वर्षे टिकतात, असा आमचा अनुभव आहे. नव्या रिळासोबत आम्ही तेलाची छोटी बाटली देतो. धुऊन वाळवल्यावर त्यातला एकच थेंब लाइन-रोलरवर आणि एक हँडलच्या मुठीत सोडावा.

दुरुस्तीला आणताना रीळ घरी उघडू नये. उघडलेच असेल तर सारे वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने दोऱ्यात ओवून डबीत घालून आणावेत. लाइन काढू नये, मात्र रॉड घरी ठेवावा. रीळ समुद्रावर कधी नेले होते, ते चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावे. दुकान मंगळवारी बंद असते.